खाडी आणि खाडीकाठची माणसं एकाच वहीत कशी लिहायची

ठाणे-बेलापूर पट्ट्यात ‘सर्व्हे’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. हा पहिला नियम, आणि तो मी फजिती होऊन शिकले. पहिल्यांदा घणसोलीत गेले तेव्हा हातात क्लिपबोर्ड, त्यावर तीस छापील फॉर्म, मागे दोन विद्यार्थी. ओटीवर बसलेल्या आजोबांना म्हटलं, “आम्ही कॉलेजातून सर्व्हेला आलोय.” त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “आता काय न्यायचं राह्यलंय?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहराच्या आराखड्यात आली, जमिनी संपादनात गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्क्यांची योजना, म्हणजे घेतलेल्या जमिनीचा तेवढा हिस्सा विकसित करून मूळ मालकाला परत देण्याची, त्या लढ्यातून आली. अशा गावात वही-पेन घेऊन आलेला माणूस एका कामासाठीच येतो, हे लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून आता मी खरं तेच, पण दुसऱ्या शब्दांत सांगते: खाडी आधी कशी होती, आता कशी आहे, तुमचं काम त्यामुळे कसं बदललं, ते लिहून घेतेय, लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवीन, नाव घालणार नाही. मग चहा येतो.

मी कळव्याला राहते आणि ठाण्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प तपासायला येतात आणि दरवर्षी त्यांतल्या निम्म्यांचा दोष एकच असतो. पहिली वीस पानं ‘पर्यावरण’: पाण्यातला प्राणवायू, क्षारता, तिवरांची (खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांची) संख्या. पुढची वीस पानं ‘सामाजिक’: शिक्षण, उत्पन्न, रंगीत गोल तक्ते. मधे एक स्टेपलरची पिन. त्या दोन गठ्ठ्यांची एकमेकांशी ओळखच नसते. खाडी बदलली म्हणून माणसं काय करू लागली, आणि माणसांनी ते केल्यावर खाडीचं पुढे काय झालं, हा फेरा कुठेच दिसत नाही. तो दिसावा म्हणून काय काय करायचं ते खाली लिहिते आहे.

आधी जागा लहान करा

‘ठाणे खाडीचा अभ्यास’ असा विषय घेऊन मुलं येतात. खाडी सव्वीसेक किलोमीटर लांब आहे. वरच्या टोकाला ती एका अरुंद वाटेने उल्हास नदीला जोडलेली आणि खालच्या टोकाला मुंबई बंदरात उघडणारी. तुमच्याकडे चार महिने आणि एक रेल्वेचा पास. तेव्हा एक गाव घ्या आणि त्या गावाच्या पायाखालचा खाडीचा तुकडा घ्या. माप सोपं: एका ओहोटीत चालून बघून होईल एवढाच.

जायची वेळ कॅलेंडरवर बघून ठरवा

आमच्या प्रकल्पांत सर्वांत जास्त वाया जातात ते रविवार. मुलं सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला कोळीवाड्यात पोचतात आणि परत येऊन सांगतात, “मॅडम, कुणी भेटलंच नाही.” भेटणार कसं? उधाणाचे दिवस असतील, म्हणजे पुनव-अवसेच्या आसपासची मोठी भरती-ओहोटी, तर डोल (ओढीच्या पाण्यात लावायचं पिशवीसारखं जाळं) लावणारे पाण्यावर. भांगाचं पाणी असतं, म्हणजे अष्टमीच्या आसपास ओढ कमी असते, तेव्हा माणसं घरी जाळी दुरुस्त करत बसलेली असतात. हात कामात, तोंड मोकळं. याहून चांगली मुलाखतीची जागा मला अजून सापडलेली नाही.

भरतीचं गणित किनाऱ्यावर सगळ्यांना येतं, तुम्हीही शिकून घ्या. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. अष्टमीला सहा. पुनवेला-अवसेला बाराच्या जवळपास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. खाडीत जसजसं आत जाल तसं पाणी थोडं उशिरा पोचतं. नेमकी वेळ हवी असेल तर भरतीचं छापील कोष्टक असतंच, पण हा हिशोब बोटांवर होतो आणि तो येतो म्हटल्यावर समोरचा माणूस तुमच्याशी वेगळा बोलायला लागतो.

बायकांची वेळ निराळी. होडी पुरुषांची असली तरी चिखलात उतरून निवट्या (चिखलात राहणारे लहान मासे), चिंबोऱ्या (खेकडे), कालवं काढणं आणि मासळी विकणं ही कामं बरीचशी बायकांची. दुपारी बाजार उठल्यावर जा. पुरुषांना आठवतं ते कुठे मिळत होतं. बायकांना आठवतं ते केवढ्याला विकलं गेलं. एका मावशींनी मला चाळीस वर्षांचा बदल वाट्यावर सांगितला: पूर्वी बोई माशाचा वाटा लावताना पाटीत उरलेली छोटी मासळी वर टाकून द्यायचे, आता त्या छोट्या मासळीचाच वाटा लागतो.

कागद

गावात जाण्याआधी दोन आठवडे कागदांत घालवा. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. मिठागरं, मासळी, बंदरं, होड्या, सगळं आहे. वाचताना एवढं लक्षात ठेवा की ते महसूल गोळा करणाऱ्या माणसांनी लिहिलंय. ज्यावर कर होता ते बारकाईने मोजलंय. चिखलातल्या निवट्यांवर कर नव्हता.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे घ्या. इथे एक गंमत होते. ४७ए/१६ हे पान ७३ अंश रेखांशाला संपतं आणि तिथून ४७ई/४ सुरू होतं. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी ही गावं त्या सांध्यावर, अगदी शिवणीत बसलेली. एकच पान आणलंत तर गाव एका बाजूला आणि त्याची शेतं दुसऱ्या पानावर. दोन्ही आणा आणि चिकटवा.

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांतून गावनिहाय आकडे काढा. महापालिका झाल्यावर मात्र गावं वॉर्डांत विरघळतात आणि मागच्या आकड्यांशी तुलना मोडते. तिथे बळेच रेघ ओढून आलेख पूर्ण करू नका, तुटक ठेवा.

सातबारा मात्र सोन्याचा. लोक त्यात मालकाचं नाव बघतात. तुम्ही खालचा बाराचा भाग बघा, पीक पाहणीचा. भात, भात, भात, गवत, पड. एका शेताची वीस वर्षं त्या पाच-सहा शब्दांत असतात. ‘भात’ कुठल्या साली थांबला ते लिहून ठेवा, पुढे कामाला येईल.

नावंही कागदासारखीच वाचा. खारेगाव, खारघर, ठाण्याचा मीठबंदर रोड. खाऱ्या पाण्याची सीमा कुठे होती आणि मीठ कुठून चढत होतं ते नावात राहतं, जमिनीवर राहत नाही.

उपग्रहाची चित्रं आणि सप्तमी

मुलांना सर्वांत आवडतो हा भाग, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात, म्हणून जरा थांबते.

पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ मध्ये सुटला. १९८४ नंतरच्या चित्रांत एक ठिपका ३० मीटर बाय ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटर जमीन एका रंगात. सेंटिनेल-२ या दुसऱ्या उपग्रहाचा ठिपका १० मीटरचा, पण तो २०१५ पासूनच. दोन्ही फुकट. मुलगा १९९० चं एक चित्र घेतो, २०२० चं एक घेतो, चिखलाचं क्षेत्र मोजतो आणि जाहीर करतो: चिखलपट्टी एवढ्या टक्क्यांनी घटली.

मी विचारते, त्या दिवशी तिथी काय होती?

लँडसॅट आपल्यावरून सकाळी दहा-अकराच्या सुमाराला जातो. आता मघाचं गणित लावा. सप्तमीला भरती सव्वापाचला, म्हणजे ओहोटी अकराच्या आसपास: चित्रात चिखल उघडा. अवसेला भरती बाराच्या जवळ: चित्रात चिखलावर पाणी. एक चित्र सप्तमीचं आणि एक अवसेचं घेतलंत तर तुम्ही तीस वर्षांचा बदल मोजलेलाच नाही, एका आठवड्याची भरती-ओहोटी मोजलीत. आणि अजून एक. उधाणाची मोठी ओहोटी, जेव्हा खाडी अगदी तळापर्यंत उघडी पडते, ती इथे सकाळ-संध्याकाळी पाच-सहाला येते. दहा-अकराला जाणाऱ्या उपग्रहाला ती कधी दिसतच नाही. आमच्या खाडीचा सर्वांत खालचा चिखल लँडसॅटने पाहिलेला नाही. तो पाहिलाय चिंबोऱ्या काढणाऱ्या बायकांनी.

तेव्हा चित्रं निवडताना दोन गोष्टी जुळवा: महिना आणि तिथी. पावसाळ्यात ढग असतात, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी. जुन्या तारखांची तिथी पंचांगातून काढा. कालनिर्णय घेऊन संगणकासमोर बसलेली मुलं बघून आमच्या विभागात हसू होतं, होऊ दे.

बोलणं

माझ्या पहिल्या फॉर्मवर प्रश्न होता: “मासळी कमी झाली आहे असे आपल्याला वाटते का? होय / नाही.” तीसपैकी तीस होय. या उत्तराचं करायचं काय? ‘वाटतं का’ विचारलं की माणूस समोरच्याला बरं वाटेल ते सांगतो.

त्याऐवजी शेवटची वेळ विचारा. “शेवटचा जिताडा कधी लागला? कुठे? पाग टाकून की जाळ्यात? घरी खाल्ला की विकला?” (जिताडा हा खाडीतला मोठा मासा, पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं.) लोकांना साल आठवत नाही, प्रसंग आठवतात, म्हणून आधी प्रसंगांची दोरी तयार करून न्या. माझ्या दोरीवर या गाठी आहेत: १९७१ ची लढाई, वाशीचा जुना पूल, १९८२ चा गिरणी संप, १९८४ चा गोळीबार, १९९२ ला वाशीपर्यंत आलेली लोकल, २६ जुलै २००५, लॉकडाऊन. शिवाय त्या घरातली लग्नं आणि बारशी. “थोरलीचं लग्न झालं तेव्हा बांधावर भात होता का?” असं विचारलं की उत्तर येतं, आणि थोरलीच्या लग्नाचं साल घरातल्या फोटोमागे लिहिलेलं असतं.

एकाच घरात तीन वयांशी वेगवेगळं बोला, एकत्र बसवू नका. मासळीचा अभ्यास करणाऱ्या डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये एक गोष्ट मांडली: प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेलं तेच मूळ समजते आणि तिथून घट मोजते. सत्तरीच्या आजी मला म्हणाल्या, “तवा खारीन पानी व्हता, आता निसता गाल हाय.” (गाल म्हणजे गाळ.) त्यांचा पन्नाशीचा मुलगा म्हणाला, ऐंशी-नव्वदपर्यंत ठीक होतं, मग बिघडलं. नातू पंचविशीचा; त्याच्या मते खाडी अशीच होती, उलट फ्लेमिंगो आल्यापासून जरा बरी झालीय. तिघेही खोटं बोलत नाहीत. तिन्ही उत्तरं एकाखाली एक लिहा, सरासरी काढू नका.

आणि नियम विचारा, हे हमखास राहतं. डोल लावायची जागा कोणाची, ती कशी ठरते, दुसऱ्याने लावली तर काय होतं, पंच कोण, हे आता कोण पाळतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच धाग्यावरच्या कामाला: सामाईक साधनं लोक आपापल्या नियमांनी सांभाळू शकतात, आणि कुठे ते जमतं, कुठे मोडतं हे तपासता येतं. गावात नियम मोडल्याचं साल आणि मासळी घटल्याचं साल यांत आधी कुठलं, हे शोधायला गेलात तर तुमचा प्रकल्प एकदम जिवंत होतो.

किती जणांशी बोलायचं? नवीन काही कानावर येईनासं झालं की थांबा. माझं बारा-पंधरा लांब बोलण्यांत होतं. रेकॉर्डिंगला आधी विचारा, आणि मासे मिळायच्या नेमक्या जागा नकाशावर छापू नका. तो त्यांचा व्यवसाय आहे.

मोजणं

हे थोडक्यात, कारण याची पुस्तकं आहेत. तिवरांसाठी १० बाय १० मीटरचे चौकोन आखा, खोडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर मोजा, रोपटी वेगळी मोजा. तिवर आणि चिपी ही दोन झाडं ओळखता आली पाहिजेत. पांढरी फुलं बघत बसू नका, मुळं बघा. तिवराची श्वासमुळं पेन्सिलीसारखी बारीक, चिपीची जाड. पाण्याचा गढूळपणा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. स्टीलची ताटली चार भागांत काळी-पांढरी रंगवा, दोरीला गाठी मारा, पाण्यात सोडा; दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी. दर वेळी तीच जागा, तीच तिथी. चिखलात चप्पल घालून उतरू नका, चप्पल तिथेच राहते. माझ्या दोन राहिल्यात.

फोटोंसाठी गावातले अल्बम मागा. नारळी पुनवेची मिरवणूक, होडीची पूजा, वरातीचे फोटो. समोर माणसं असतात, तुम्ही मागचं बघा. एका घरात १९८६ चा होडीच्या पूजेचा फोटो मिळाला. नवी होडी, हार, नारळ, आणि मागे मोकळा चिखल थेट पलीकडच्या काठापर्यंत. देवळाचा कोपरा आणि धक्क्याची पायरी धरून त्याच जागी उभं राहून आम्ही फोटो काढला. पलीकडचा काठ दिसत नाही. दोन पुरुष उंचीची तिवरं आहेत.

आता दोन्ही एकाच पानावर

एक लांब कागद घ्या. आडवी रेघ काळाची. रेघेच्या वर खाडी, खाली माणसं. सगळं त्यावर उतरवा: सातबाऱ्यावर भात थांबला ते साल, आजींचा शेवटचा जिताडा, उपग्रहात पहिला हिरवा ठिपका, होडी विकली ते साल. मग एकेका हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारा: हा आधी काय होता?

आमच्या एका ठिपक्याची हकीकत अशी. तिथे खारभूमीतलं भातशेत होतं. खाडीचं पाणी अडवायला मातीचा बांध, पावसाचं पाणी सोडायला उघाडी. बांध दरवर्षी गावाने मिळून भरायचा, नाही तर खेकडे पोखरतात. जमीन संपादनात गेली. पैसे आले, उशिरा आले, काहींचे भांडणात अडकले. जमीन आपली नाही म्हटल्यावर बांधावर माती टाकायला कोण जाणार? एका उधाणाला बांध फुटला, खारं पाणी आत आलं, पाण्याबरोबर तिवराची बी आली. पाच-सात वर्षांत रान झालं. पुढे २००५ मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवन, म्हणजे तिवरांसारख्या झाडांचं रान, तोडायला बंदी केली, आणि ते रान कायद्याने राखलेलं झालं. २०१५ मध्ये खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य ठरला, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

उपग्रह म्हणतो, हिरवं वाढलं, परिस्थिती सुधारली. गाव म्हणतं, शेत गेलं, वर चिखल साचून होडीची वाटही गेली. दोघांचं बरोबर आहे, आणि हे जंगल कुणी लावलं नव्हतं, एका थांबलेल्या कामातून उगवलं होतं, हे दोन्ही कागद एकत्र ठेवल्याशिवाय दिसलं नसतं.

कारण लिहिताना मात्र हात आखडता. आधी हे झालं, नंतर ते झालं, एवढ्याने कारण ठरत नाही. मधली प्रत्येक पायरी कुणी तरी पाहिलेली किंवा कुठे तरी नोंदलेली हवी: बांध फुटलेला कुणी पाहिला, पहिली रोपटी कुणाला आठवतात. जी पायरी मिळाली नाही तिथे कागदावर प्रश्नचिन्ह ठेवा. शिवाय दुसरं गाव तपासा. आम्ही दिवाळे आणि विटावा ही दोन गावं शेजारी ठेवून पाहतो. दिवाळे खालच्या, रुंद बाजूला, तिथे मासेमारी टिकून आहे. विटावा वरच्या अरुंद टोकाजवळ. जमीन दोन्हीकडची गेली, मग मासळीचा फरक जमीन जाण्याने पडला की पाण्याच्या येण्याजाण्याने? एका गावावरून हे सांगताच येत नाही.

तो लांब कागद शेवटी गावाला परत न्यायचा. गेल्या वर्षीचा आम्ही समाजमंदिराच्या भिंतीवर आठवडाभर लावला, खाली दोरीने पेन बांधून. परत आणायला गेलो तेव्हा त्यावर अकरा दुरुस्त्या होत्या. एक साल खोडलेलं, एका ठिकाणी ‘बांध फुटला नाय, फोडला’ असं निळ्या पेनने. कोणी लिहिलं ते विचारलं तर सगळे एका काकांच्या घराकडे बघायला लागले. ते घरी नव्हते. परवा अष्टमी आहे, तेव्हा जाणार आहे.